खोबरं सोडू नका, तळण कमी करा
त्वचा चांगली राहावी म्हणून तेल-खोबरं पूर्ण बंद करा, असा सल्ला दिला जातो; तो मला पटत नाही. लाल माठातलं कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) स्निग्धाशिवाय नीट अंगी लागत नाही. जुडी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतलीत तर क जीवनसत्त्व पाण्याबरोबर जातं. दोन चमचे तेलाची फोडणी, 8-10 मिनिटं झाकण, उतरवताना मूठभर ओलं खोबरं.

बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा खा, पण दरवेळी रवा लावून तळू नका. तिरफळं (कोकणातला मिरीसारखा झणझणीत मसाला) घालून तिखलं, म्हणजे माशाचं तिखट कालवण करा, माशाचं स्निग्ध रश्श्यात उतरतं आणि भातासोबत पोटात जातं. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत अंडी, कुळथाची पिठी चालेल. सुकी मासळी भिजवून दोन पाण्यांतून काढाच, मीठ फार असतं. आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, तोही खारटच, त्यामुळे सोलकढीत मीठ चव बघूनच घाला.