खोलीला बाधा आहे म्हणतात, आईला कसं समजावू?

दहाबायबारा:
नमस्कार मंडळी. आम्ही परळला चाळीत राहतो, आजोबा गिरणीत लागले तेव्हाची खोली, गाव कणकवलीजवळ. दीड वर्ष झालं घरात काहीच धड नाहीये, आधी बाबांचा पाय मोडला, मग दादाची नोकरी गेली आणि आता वहिनी तीन आठवडे खोकतेय, संध्याकाळी ताप येतो, अंगावरचे कपडे सैल झालेत तिच्या. शेजारच्या काकूंनी आईला एका बुवाकडे नेलं तर तो म्हणे आजोबांच्या आधी त्या खोलीत कोणी गेलंय, त्याचं राहिलंय, उताऱ्याचे २१ हजार लागतील आणि तोवर वहिनीला औषध लागू पडणार नाही. आई दादाच्या पीएफमधून पैसे काढायला निघालीय. गावचे काका म्हणतात तसलं काही नाही, राखणदाराचा नारळ चुकला म्हणून हे सगळं. मी स्वतः तिठ्यावरचं लिंबू ओलांडत नाही, त्यामुळे आईला खोटं आहे म्हणायला माझी जीभ उचलत नाही. काय करू?

देवगडकर:
गावचं आणि बुवाचं एकात धरू नकोस. गावात गाऱ्हाणं घालतात तेव्हा सगळी वाडी उभी असते, बा देवा म्हाराजा म्हटलं की सगळे व्हय म्हाराजा म्हणतात, खर्च नारळाचा. घाबरवून पैसे कोणी मागत नाही.
आणि एक सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत होतो. आमच्या मजल्यावरचे निम्मे लोक गावाला जाऊन कौल लावून आले, कोणाला सांगितलं देवकार्य राहिलंय, कोणाला पूर्वजांचं काही. आमच्या आजीला वाटायचं तिच्याच हातून काहीतरी चुकलं, मरेपर्यंत तेच मनात धरून होती ती बिचारी. अडीच लाख कामगार घरी बसले होते रे. एवढ्या सगळ्यांचा नारळ एकाच वर्षी चुकला होता का?

दवाखान्यातली_ताई:
बाकी सगळं नंतर, वहिनीला उद्याच्या उद्या जवळच्या पालिकेच्या दवाखान्यात न्या. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, म्हणजे टीबीची तपासणी झालीच पाहिजे. थुंकीची तपासणी फुकट, औषधंही फुकट, साधारण सहा महिने चालतात, वर उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. टीबी निघाला तर घरातल्या सगळ्यांना तपासा, पोरांना आधी. चाळीच्या खोलीत एकच खिडकी, तीपण बोळात उघडणारी, सहा-सात माणसं एकाच हवेत झोपतात, म्हणून एकाचा दुसऱ्याला लागतो. लोकांना वाटतं घराला काहीतरी धरलंय.

वकीलसाहेब:
अंगात येतं, भूत आहे असं सांगून भीती घालणं आणि पैसे उकळणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. पोलिसांत तक्रार घेतात. घरच्या पूजेअर्चेला त्या कायद्याची काही हरकत नाही, हे आईला नक्की सांगा.

शिवडीची_मावशी:
बाळा, आईशी वाद घालू नको. नवऱ्याचा पाय, मुलाची नोकरी, सुनेचा ताप, तिला काहीतरी हातानं करायचंय, नुसतं बसवत नाही. तिला म्हण राखणदाराचा नारळ तूच काढून ठेव, आपण मे महिन्यात दोघं जाऊ. आणि सुनेसोबत दवाखान्यात तिलाच पाठव.

दहाबायबारा:
मावशी, तसंच केलं. आईनं नारळ देव्हाऱ्यात ठेवला, दोरा बांधून. आज सकाळी वहिनीला घेऊन तीच गेली दवाखान्यात, थुंकी दिलीय, एक्सरे पण काढला. बुवाचा दोनदा फोन येऊन गेला, आईनं उचलला नाही. रिपोर्ट आला की इथे लिहितो.