मदत हवी आहे: धार्मिक ट्रस्टची शाळा, 'स्वतःहून राजीनामा द्या' म्हणतात

नवीन आयडीने लिहितेय, कारण उघड आहे. जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी धार्मिक ट्रस्टच्या विनाअनुदानित शाळेत (स्टेट बोर्ड) गणित शिकवते. प्रोबेशनची दोन वर्षं केव्हाच झाली. माझी जोडीदार बाई आहे. गावाला 'रूममेट' सांगितलंय, पण तालुक्याच्या गावात असं किती दिवस चालणार? एका पालकाने संस्थेत जाऊन सांगितलं.

सचिवांनी केबिनमध्ये बोलावलं. शिकवण्याबद्दल तक्रार नाही म्हणे. "मॅडम, आपली शाळा संस्कारांची. शांतपणे राजीनामा द्या, अनुभवाचा दाखला चांगला देतो. नाहीतर चौकशी लावावी लागेल, मग घरच्यांनाही कळेल." सगळं तोंडी, कागदावर अक्षर नाही.

२०१८ पासून हा गुन्हा नाही, एवढं माहितीये. पण नोकरीचं काय? नेटवर सापडतं ते अमेरिकेचं. २०२० च्या जूनमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने समलिंगी म्हणून कामावरून काढता येणार नाही म्हटलं आणि पुढच्याच महिन्यात धर्म शिकवणाऱ्या शिक्षकांबाबत धार्मिक शाळांना मोकळीक दिली. मी तर समीकरणं शिकवते! आपल्याकडे अशी मोकळीक आहे का? लढायचं तर कोर्टात सगळं उघड करावं लागेल का?

('लग्न करून टाका' हा सल्ला नको. तो घरी फुकट मिळतो.)

निवृत्त_हेडमास्तर: ताई, राजीनामा लिहू नका. कोऱ्या कागदावर सही तर मुळीच नको. जबरदस्तीने घेतला हे नंतर सिद्ध करणं फार जड जातं. खासगी शाळांचा १९७७ चा सेवाशर्ती कायदा (एमईपीएस) विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. अल्पसंख्याक संस्थेला सूट आहे ती मुख्याध्यापक आणि संस्थेने कळवलेल्या जास्तीत जास्त तीन जणांच्या नेमणुकीपुरती. कायम शिक्षकाला काढायचं तर लेखी आरोप आणि चौकशी समिती लागते, समितीत एक माणूस तुमचा. तरीही काढलंच तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील, आपल्यासाठी छत्रपती संभाजीनगरला. पण नेमणूक प्रोबेशनवरची आहे, की दर जूनला नवी ऑर्डर देतात? सगळं त्यावर अडतं.

काळा_कोट: समलिंगी व्यक्तींना खासगी नोकरीत संरक्षण देणारा वेगळा कायदा नाही. २०१९ चा कायदा ट्रान्सजेंडर व्यक्तींपुरता आहे. म्हणून भांडण कार्यपद्धतीवर न्या. अपिलात तुम्ही कुणासोबत राहता हे तुम्ही लिहायचं कारण नाही, गैरवर्तन झालं हे दाखवणं संस्थेचं काम. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातले मराठीचे प्राध्यापक डॉ. सिरस यांचं समलिंगी संबंधांवरून झालेलं निलंबन २०१० मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने रोखलं होतं. काही दिवसांतच ते घरात मृतावस्थेत सापडले. तेव्हा कोर्टात जिंकलात तरी एकट्या राहू नका, सोबत माणसं ठेवा. जालन्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

धागाकर्ती: ऑर्डर काढून बघितली. पहिल्या वर्षीची प्रोबेशनची आहे, पुढे कागदच दिला नाही. माझ्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता आली होती का, हे कुठे कळेल?

निवृत्त_हेडमास्तर: जिल्हा परिषदेत, माध्यमिक विभागात. माहिती अधिकाराचा अर्ज दुसऱ्या कुणाच्या नावाने टाका, आणि गावातल्या पोस्टातून नको. सचिवांशी आजच्या आज लेखी बोलणं सुरू करा: 'आपण तोंडी सांगितलेलं कृपया लेखी द्यावे.' पोच घ्या.