जुना डीव्हीडी प्लेअर नव्या टीव्हीला कसा जोडू? (बजेट ३०० रु.)

कळवेकर: ताईच्या लग्नाची २००६ सालची डीव्हीडी आईला बघायचीय. नव्या ४३ इंची टीव्हीवर पिवळ्या वायरने चित्र पुसट येतं, लाल शालूच्या कडेने रंग पसरतो. प्लेअरला एस-व्हिडिओ आणि लाल-हिरवी-निळी पण आहे, एचडीएमआय नाही. काय घेऊ?

घोडबंदर_नाना: एचडीएमआय. बाकी सगळं भंगारात द्या. मी सोन्याचा मुलामा असलेली केबल घेतली, अडीच हजारांची. काळा म्हणजे काळाकुट्ट!

ऐरोलीकर: नाना, प्लेअरला एचडीएमआयच नाहीये, वाचा की. आणि डिजिटल सिग्नल एकतर नीट पोचतो, नाहीतर ठिपके येतात किंवा चित्रच जातं. सोन्याने काळा जास्त काळा होत नाही.

घोडबंदर_नाना: आमच्याकडे येऊन बघितलंय का?

सोल्डर_काका: पिवळ्या वायरीत उजेड आणि रंग एकाच तारेतून येतात. टीव्हीला ते पुरते वेगळे करता येत नाहीत, म्हणून शालू पसरतो. एस-व्हिडिओत दोन्ही वेगळे. लाल-हिरवी-निळी म्हणजे कॉम्पोनंट, तुमच्याकडच्यांत तीच सगळ्यात बरी. तिच्यातून आवाज जात नाही, लाल-पांढरी वेगळी लावायची. दोन लाल पिना होतात, अदलाबदल करू नका. प्लेअरच्या सेटअपमध्ये पण कॉम्पोनंट निवडा. डीव्हीडीत मुळात ७२० × ५७६ ठिपक्यांचंच चित्र असतं, फोर-के विसरा.

वाशी_सेक्टर१७: एचडीएमआयच घ्या.

मानपाडा_मित्र: आधी टीव्हीच्या मागे वाकून बघा. आमच्या नव्याला कॉम्पोनंट नाहीच. काहींना पिवळं-हिरवं मिळून एकच सॉकेट असतं. कॉम्पोनंट लावून टीव्हीचा सोर्स एव्हीवरच (म्हणजे पिवळ्या वायरीवर) ठेवलात तर चित्र कृष्णधवल.

कोपरीची_मावशी: वायरी राहू देत, पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. आमची डीव्हीडी चरे पडून गेली. लग्नाला लाखभर घालवले आणि कॉपी एकच!

कळवेकर: आभार मंडळी. टीव्हीला कॉम्पोनंट नाही. स्टेशनजवळून पिवळीचं एचडीएमआय करणारी डबी आणली, साडेचारशे. दुकानदार म्हणाला झकास दिसेल.

सोल्डर_काका: अहो! प्लेअरमधून निघतानाच रंग मिसळलेत, डबी पुढे काय डोंबल करणार?

कळवेकर: आई खूश आहे. फक्त सगळे जाडे दिसतायत, भावजींसकट.

ऐरोलीकर: चित्राचा आकार ४:३ करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतं.

घोडबंदर_नाना: आमच्या केबलने कोणी जाडं दिसत नाही.