वादळामागे दिवसभर गाडी पळवली, मिळाली फक्त धूळ

ढगवेडा:
वळवाचे फोटो काढायला मी नि मित्र दुपारी जळगावहून निघालो. सॅटेलाइटवर पाल गावाच्या वर सातपुड्यात मस्त पांढरा गोळा दिसत होता, म्हणून भुसावळ, सावदा करत रावेरकडे, आणि केळीच्या ट्रकमागे किती वेळ गेला ते विचारूच नका. पोचलो तर ढगाचं डोकं ऐरणीसारखं पसरलेलं, गार वारा सुटला, डोळ्यात धूळ, आता येणार म्हणून कॅमेरा लावला आणि खेळ खलास. लख्ख ऊन. तेवढ्यात चोपड्याहून फोन, "इकडे गारा पडी राहिल्या भो!" तिकडे सुटलो तर यावललाच अंधार. असं का होतं? तुम्ही लोक उभे कुठे राहता?

वाऱ्याची_दिशा:
गार वारा लागला तेव्हाच तो ढग आटोपत आला होता भाऊ. एकट्या ढगाचं आयुष्य अर्धा-एक तास. पावसासोबत गार हवा खाली येते, जमिनीवर पसरते आणि ढगाला खालून मिळणारी गरम ओलसर हवाच तोडते. तुम्ही सॅटेलाइटचं चित्र बघून निघून तिथे पोचेपर्यंत तो म्हातारा झालेला. त्या गार वाऱ्याची पुढची कड गरम हवेत घुसते तिथे नवे ढग उठतात, नजर तिकडे ठेवा. रडारचं म्हणाल तर मुंबई नि नागपूर दोन्ही जळगावपासून साडेतीनशे किमीच्या आसपास, पृथ्वीच्या गोलाईमुळे एवढ्या लांब त्यांचा किरण फार उंचावरून जातो, खाली काय चाललंय ते कळत नाही.

कांदेबाग:
रावेर तालुक्यातलाच मी. तुम्हाला वादळ नाही मिळालं ते बरंच झालं 😄 मृगबाग (मृगात लावलेली केळी) कापणीवर आलीय, घडांच्या वजनाने वाकलेली झाडं जोराच्या वाऱ्यात मधूनच मोडतात, वर्षभराचा खर्च आडवा. या कधी, चहा पाजतो, पण स्टँड घेऊन उघड्या वावरात उभं राहू नका.

काळाकुट्ट:
+१. दामिनी अ‍ॅप टाका, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं आहे, 20 ते 40 किमीतली वीज दाखवतं. चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर फोटो गेला खड्ड्यात, गाडीत बसा, काचा वर. बाईकवर तर जाऊच नका.

ढगवेडा:
पुढच्या वेळी भुसावळलाच थांबून वाट बघतो, तिथून तापी ओलांडायची की मुक्ताईनगरकडे जायचं ते ढग उठल्यावर ठरवू. कांदेबाग दादा, चहा पक्का, पण मृगबाग निघाल्यावर येतो, आधी आलो तर तुम्हीच हाकलाल.