मदत हवी आहे: ब्रिटनमधले मृत्यू घटले ते औषधांमुळे की गटारांमुळे?

नमस्कार मंडळी,

मी जीएनएमच्या (नर्सिंगच्या पदविकेच्या) मुलींना सामुदायिक आरोग्य शिकवते. ब्रिटनमधल्या सार्वजनिक आरोग्याचा इतिहास आमच्याकडे दोन पानांत उरकतात. सुधारक चॅडविक, डॉक्टर स्नो, १८४८चा सार्वजनिक आरोग्य कायदा, नाइटिंगेल, की पुढचा धडा. यंदा मला तो नीट शिकवायचा आहे, कारण वर्गात एका मुलीने फार चांगला प्रश्न विचारला. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन १९४० नंतर आलं, मग त्याआधी कित्येक दशकं इंग्लंडमध्ये क्षयाचे मृत्यू कमी होत होते ते कशामुळे?

वाचायला बसले तर तीन ठिकाणी अडले आहे.

पहिली अडचण आकड्याची. चॅडविकच्या १८४२च्या अहवालात मृत्यूच्या वेळचं सरासरी वय दिलंय: लिव्हरपूलमध्ये मजूर वर्गाचं १५ वर्षं, तिथल्याच सधनांचं ३५. रटलंडच्या ग्रामीण भागात मजुरांचं ३८. म्हणजे खेड्यातला मजूर शहरातल्या श्रीमंतापेक्षा जास्त जगत होता! आकडा जबरदस्त आहे, पण मुलींना वाटतं की लिव्हरपूलचे मजूर पंधराव्या वर्षीच मरत असत. हे सोप्या शब्दांत कसं समजावू?

दुसरी अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रोग दुर्गंधीतून, कुजक्या हवेतून होतो असं चॅडविक मानत होता. ते चूक होतं. तरी गटारं बांधा, घाण हलवा, पाणी पुरवा हे त्याचं सांगणं बरोबर निघालं. उलट पटकी (कॉलरा) पाण्यातून पसरते हे ज्याने ओळखलं, त्या जॉन स्नोचं म्हणणं त्याच्या हयातीत फारसं कुणी मानलं नाही. तो जून १८५८मध्ये गेला. त्याच उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंट हैराण झालं आणि अभियंता बॅझलजेटच्या गटारांना पैसा मंजूर झाला. मग चुकीच्या सिद्धांतामुळेच लोक वाचले, असं शिकवायचं का? माझं मन हे मान्य करत नाही, पण उत्तरही सापडत नाही.

लंडनमधल्या पटकीच्या साथीत स्नोच्या सांगण्यावरून ब्रॉड स्ट्रीटच्या हापशाचा दांडा काढल्याची गोष्ट मला मुख्य उदाहरण म्हणून नको आहे. ८ सप्टेंबर १८५४ला दांडा काढला तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती. त्यापेक्षा स्नोचं दक्षिण लंडनचं काम मला मोठं वाटतं. लॅम्बेथ या नळ कंपनीने १८५२मध्ये आपला उपसा नदीच्या वरच्या अंगाला, टेम्स डिटनला नेला. सदर्क अँड वॉक्सहॉल कंपनी मात्र बॅटरसीलाच, शहराचा मैला मिसळलेलं पाणी उचलत राहिली. दोन्हींचे नळ एकाच गल्लीत, शेजारशेजारच्या घरांत होते. १८५४च्या साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर १०,००० घरांमागे सदर्कच्या ग्राहकांत ३१५ मृत्यू झाले, लॅम्बेथच्या ग्राहकांत ३७. गल्ली तीच, हवाही तीच!

तिसरी अडचण म्हणजे सामाजिक वैद्यकाचे प्राध्यापक थॉमस मॅकिओन. मृत्यू घटण्यात डॉक्टरांचा वाटा थोडा, खरं श्रेय सुधारलेल्या आहाराला, असं त्यांचं म्हणणं. ते आज कितपत टिकतं?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, आकड्यासाठी फळ्यावर चार मृत्यू लिहा. दोन मुलं एकेक वर्षाची, एक दोन वर्षांचं, आणि एक माणूस छप्पन्नचा. बेरीज ६०, सरासरी १५. पंधराव्या वर्षी मात्र कुणीच गेलं नाही. मुलींना लगेच कळेल की हा आकडा मुख्यतः लहान मुलांच्या मरणाबद्दल बोलतोय.

आणखी एक. ज्या वस्तीत जन्म जास्त, मुलं जास्त, तिथे धोका तेवढाच असला तरी ही सरासरी खाली येते. म्हणून लिव्हरपूल आणि रटलंडची तुलना जशीच्या तशी घेऊ नका. फरक होताच, पण नेमका किती हे या आकड्यावरून ठरत नाही.

प्रतिसाद

मी पाणीपुरवठ्यात नोकरी केली आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर लिहितो.

चुकीच्या सिद्धांताने लोक वाचले हे अर्धंच खरं. त्याने माणसं मेलीही. घरांखालच्या मलकुंडांची दुर्गंधी घालवायची म्हणून १८४८-४९च्या साथीत लंडनची गटारं धुऊन सगळा मैला टेम्समध्ये सोडला. नळ कंपन्या पिण्याचं पाणी त्याच नदीतून उचलत होत्या. वास हाच शत्रू मानला की घाण डोळ्यांआड झाली म्हणजे काम झालं असं वाटतं. ती पुढे कुठे जाते हे कुणी विचारत नाही.

बॅझलजेटच्या योजनेने नेमकं हेच बदललं. नदीकडे उतरणारी जुनी गटारं काठाला समांतर अशा मोठ्या गटारांनी मध्येच अडवली, उतार पूर्वेकडे दिला, जिथे उतार पुरेना तिथे वाफेच्या पंपांनी मैला वर उचलला. क्रॉसनेसचं पंपगृह १८६५ला सुरू झालं, ॲबी मिल्सचं १८६८ला. या दोन सालांच्या मधलं १८६६ मुलींना जरूर सांगा. त्या वर्षी लंडनमधली पटकी मुख्यतः पूर्व भागात भडकली, जिथे नवी गटारं अजून पूर्ण व्हायची होती. मृत्यूंच्या नोंदींचा संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार याने आकडे लावून दाखवलं की मृत्यू एकाच नळ कंपनीच्या, ओल्ड फोर्डहून पाणी देणाऱ्या कंपनीच्या, हद्दीत एकवटले आहेत. हाच विल्यम फार आधी दूषित हवेच्या बाजूचा होता! पुराव्यापुढे त्याने मत बदललं. तुमच्या कोड्याचं उत्तर मला इथे दिसतं: मृत्यूची नोंद. इंग्लंड-वेल्समध्ये ती १८३७पासून नियमाने होऊ लागली. सिद्धांत चुकला तरी नोंदी होत्या, म्हणून चूक पकडता आली.

प्रतिसाद

मॅकिओनबद्दल थोडक्यात. औषधांआधी क्षय घटला हे त्यांचं निरीक्षण खरं. पण बाकीची कारणं वगळत वगळत त्यांनी आहारापर्यंत मजल मारली, आहाराचा थेट पुरावा तोकडा होता. इतिहासकार सायमन स्रेटर यांनी १९८८मध्ये याला उत्तर दिलं आणि नगरपालिकांनी केलेल्या कामाकडे लक्ष वेधलं.

माझ्या मते एकच उत्तर शोधू नका, रोगागणिक सांगा. देवी लसीने हटली. ते देवीची लस आणणाऱ्या डॉक्टर जेनरपासूनचं, म्हणजे १७९६पासूनचं वैद्यकाचं श्रेय. विषमज्वर (टायफॉइड) पाणी आणि गटारांनी घटला. घटसर्पाचे (डिप्थीरियाचे) मृत्यू १९४०च्या दशकात लसीकरणाची मोहीम निघाल्यावर कोसळले. आणि अर्भकांचे मृत्यू? गटारं झाली, कायदे झाले, तरी १९००च्या आसपास हजार जन्मांमागे सुमारे १५० मुलं वर्षाच्या आत जातच होती. उन्हाळी जुलाब, माश्या, नासकं दूध. तो आकडा विसाव्या शतकात उतरला, तेव्हा १९०२चा सुईणींचा कायदा, घरी जाणाऱ्या आरोग्यसेविका, दुधाची केंद्रं ही सगळी मंडळी कामाला लागली होती. तुमच्या विद्यार्थिनी उद्या हेच काम करणार आहेत, तर तो भाग घाईत उरकू नका.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. चार मृत्यूंची बेरीज उद्याच फळ्यावर घेते. रोगागणिक मांडणी मला पटली. क्षयाच्या प्रश्नाला आता मुलींना प्रामाणिकपणे सांगता येईल की तिथे अभ्यासकांमध्ये अजून वाद आहे. अर्भकमृत्यूंना एक अख्खी तासिका देणार.

एक शेवटची विनंती: १८६६च्या साथीत पूर्व लंडनमध्ये कुठल्या भागाला कुठल्या कंपनीचं पाणी होतं असा स्पष्ट नकाशा कुणाकडे असेल तर इथे टाकाल का? मुलींनी तो स्वतः रंगवावा असं मनात आहे.