शब्दचर्चा: चाचण्या ‘वगळायच्या’ की ‘गाळायच्या’?

जुळे सोलापूर: इथल्या अभियांत्रिकीच्या मुलांसाठी टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेवर मराठीत टिपणं लिहितोय. ‘टीएसकॉन्फिग’ या सेटिंगच्या फाइलमधल्या ‘एक्सक्लूड’ या नोंदीपाशी अडलो. कंपायलरने, म्हणजे कोडाचं रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने, कोड तपासणाऱ्या चाचण्यांच्या फायली तयार कोडाच्या ‘डिस्ट’ फोल्डरात उतरवू नयेत, एवढंच सांगायचंय. आधी ‘चाचण्या गाळा’ लिहिलं, मग खोडून ‘वगळा’ केलं. फरक आहे का?

साखर पेठ: आहे की. ‘गाळलेल्या जागा भरा’ आठवा. गाळलं की तिथे भोक राहतं, ते भरायचं असतं. छापताना ओळ गळते तीही चुकून. वगळण्यात मात्र कुणीतरी ठरवलेलं असतं. ‘चाचण्या वगळता बाकी सगळ्या फायली’ सहज म्हणतो आपण. ‘चाचण्या गाळता’ म्हणून बघा, जमत नाही.

शिवाय गाळायला आधी ओतावं लागतं. चहा उकळतो, मग चोथा वर राहतो. सगळं कंपाइल करून नंतर चाचण्या काढल्या, तर ते गाळणं. एनपीएमवर, म्हणजे पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यावर, पॅकेज पाठवताना ‘एनपीएमइग्नोर’ फाइल हेच करते. ‘एक्सक्लूड’चं काम त्याच्या कितीतरी आधीचं, फायलींची यादी होतानाचं.

जुळे सोलापूर: पटलं. पण टेस्ट फोल्डर वगळूनही त्यातली एक फाइल माझ्या ‘डिस्ट’मध्ये आली होती. मुलं विचारणारच, वगळली तर आली कशी?

साखर पेठ: मुख्य कोडातल्या कुठल्यातरी फायलीने तिला इम्पोर्ट केलं, म्हणजे वापरायला आत ओढलं असणार. लग्नाच्या यादीतून एखाद्याचं नाव वगळलं, पण मामा त्याला सोबत घेऊन आला, तर तो पंगतीत बसतोच. ‘इन्क्लूड’ने फायली गोळा करताना कुठल्या सोडायच्या, तेवढंच ‘एक्सक्लूड’ सांगतं. इम्पोर्टने आलेल्या फायलीला ते अडवत नाही. म्हणून ‘मनाई’ किंवा ‘बंदी’ हे शब्द टिपणात अजिबात नकोत. ‘यादीतून वगळा’ असं लिहा, ‘यादीतून’ सोडू नका.

अशोक चौक: आमच्या घरी चादरीचे माग होते. नवी डिझाइन लावली की आधी नमुना विणायचा, रंग बघायचे. तो तुकडा विक्रीच्या गठ्ठ्यात जात नसे, त्याला ‘बाजूला काढणं’ म्हणायचो. जावा भाषेत कोड बांधणारं मेवन हे साधन वापरताना मला हाच शब्द आठवतो. चाचण्या तिथे कंपाइल होतात, पण ‘टार्गेट’मधल्या ‘टेस्ट-क्लासेस’ फोल्डरात पडतात. जारमध्ये, म्हणजे शेवटच्या गठ्ठ्यात, जातं ते ‘क्लासेस’मधलं. तिथे ‘वगळा’ लिहिलंत तर चाचण्या विणल्याच नाहीत असं वाटेल.

जुळे सोलापूर: हे फार कामाचं. मेवनच्या टिपणात ‘बाजूला काढणे’च घेतो. आणखी एक अडचण: मुख्य ‘टीएसकॉन्फिग’मधून चाचण्या वगळल्या की एडिटर त्या फायलींना आपले कडक नियम लावत नाही, टाइपच्या चुका तशाच राहतात.

साखर पेठ: त्यासाठी बिल्डची, म्हणजे अंतिम कोड तयार करण्यापुरती, दुसरी टीएसकॉन्फिग फाइल करतात. तीत ‘एक्सटेंड्स’ने मुख्य फाइल घ्यायची आणि वगळणं फक्त तिथे लिहायचं. एडिटर मुख्य फाइल वाचतो, बिल्ड दुसरी.

जुळे सोलापूर: मग वाक्य असं करतोय: ‘बिल्डच्या टीएसकॉन्फिगमध्ये चाचण्यांच्या फायली यादीतून वगळा, आणि मुख्य कोडातून त्यांना कुणी इम्पोर्ट करत नाही ना, ते पाहा.’

अशोक चौक: ‘ना’ राहू द्या. मुलं थांबून बघतील.