पावसाळ्यात अडकणारं दार: तुमच्या घरी काय उपाय लागू पडला?

नौपाडा, ठाणे
आमच्या बेडरूमचं दार जून लागल्यापासून बसेनासं झालंय. कडीच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात घासतं. खांदा लावला की बसतं, पण मग आतून निघत नाही. परवा आई दहा मिनिटं आत अडकली. तिचे गुडघे दुखतात, हिसका मारणं तिला जमत नाही. मी कामावर होतो. शेजारच्या काकूंकडे आमची किल्ली असते म्हणून निभावलं. त्यांनी बाहेरून दार ढकललं. सुतार म्हणतो, दोन सूत रंधा मारून देतो. दोन सूत म्हणजे पाव इंच! मारू द्यावा का? तुमचे अनुभव लिहा, फसलेलेही.

ऐरोली
दादा, रंधा थांबवा. माझे वडील सुतार होते, त्यांच्या हाताखाली मी शिकलो. दार अर्धं उघडा, कडीच्या बाजूने धरून वर उचला आणि नजर वरच्या बिजागरीवर ठेवा. ती हलली तर दार उतरलंय, निव्वळ फुगलेलं नाही. दाराच्या वजनाची ओढ वरच्या बिजागरीवर असते. तिथले स्क्रू ढिले झाले की दार पुढे झुकतं आणि तुम्ही म्हणताय तोच कोपरा चौकटीला लागतो.

दाराखाली पाचर सारून वजन पेला, मग एकेक स्क्रू काढा. भोक मोठं झालेलं दिसेल. काडेपेटीच्या काड्या घ्या, गुल मोडून टाका, फेविकॉलमध्ये बुडवून भोकात गच्च ठोका. वर आलेली टोकं कापा, रात्रभर सुकू द्या, मग तोच स्क्रू परत पिळा. तरी पकडला नाही, तर सव्वा इंचीच्या जागी दोन इंची लावा. चौकटीच्या आतल्या चांगल्या लाकडात जातो. वडील आधी बिजागरी बघायचे, रंधा शेवटी.

नेरुळ
ऐरोलीकरांचं ऐका. आम्ही ऐन जुलैत रंधा मारून घेतला. तेव्हा दार सुरेख बसलं. डिसेंबरात लाकूड आकसलं आणि फट एवढी पडली की लॅचची जीभ चौकटीवरच्या पट्टीपर्यंत पोचेना. रात्री वाऱ्याने दार आपोआप उघडायचं, मुलगी दचकून उठायची. शेवटी कडेला लाकडी पट्टी चिकटवून घ्यावी लागली. लाकूड रेषांना आडवं फुगतं, रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच. म्हणून दाराची रुंदी वाढते, उंची नाही. पावसात फार तर पॉलिश पेपर फिरवा आणि घासतं तिथे मेणबत्ती चोळा. छिलायचंच असेल तर हवा कोरडी होईपर्यंत थांबा.

कोपरखैरणे
आमचं बाथरूमचं दार दरवर्षी खालून फुगायचं. एकदा मोबाईल जमिनीला टेकवून दाराच्या खालच्या कडेचा फोटो काढला. कड कोरी! रंगाचा थेंब नाही, लाकूड काळं पडलेलं. समोरून चकचकीत ऑइलपेंट आणि खालून पाणी पिणारं उघडं लाकूड. एप्रिलमध्ये दार उतरवलं, गच्चीत सावलीला आठवडाभर सुकवलं, वरच्या आणि खालच्या दोन्ही कडांना प्रायमर आणि दोन हात रंग दिला, खाली ॲल्युमिनियमची पट्टी मारली. त्यानंतर दोन पावसाळे गेले, अडलेलं नाही. पण प्लायचे थर सुटले असतील तर खर्च करू नका, तिथे पीव्हीसीचंच दार बसवा.

कळवा
आमच्याकडे दोष दाराचा नव्हताच. जुन्या लाद्यांवर नव्या टाइल्स बसवल्या, जमीन वर आली. दार खालून कापावं लागलं. कापताना सनमायका उडू नये म्हणून रेघेवर चिकटपट्टी लावून घ्या. आणि कापलेल्या कडेला रंग द्याच.

वाशी
दार चौकटीत नीट जातं पण लॅच लागत नाही, अशांसाठी. लॅचच्या जिभेला ओलं कुंकू लावा आणि दार लोटा. पट्टीवर जिथे लाल उमटेल तिथे जीभ आदळते. आमच्याकडे खाच वर पडली होती. कानशीने खालची कड घासली, अर्ध्या तासात काम झालं.

घोडबंदर रोड
एक कळकळीची सूचना. चौकट फुगलेली दिसली तर बोटाने ठोकून बघा. आमची पोकळ वाजली. स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं तर रंगाच्या पापुद्र्यातून सरळ आत गेलं, वाळवी! आम्ही वर्षभर पावसाला दोष देत दार घासत बसलो, तोवर ती पलीकडच्या कपाटात पोचली होती.

नौपाडा, ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी दार उचलून पाहिलं. वरची बिजागरी चक्क हलत होती, तीनपैकी दोन स्क्रू नुसते फिरत होते. एका भोकात पाच काड्या गेल्या, दुसऱ्यात चार. रविवारी सकाळी स्क्रू पिळले. कोपरा सुटला. मधे थोडं लागतं, तिथे मेण चोळलंय. चौकट ठोकून पाहिली, भरीव आहे. खालची कड मात्र आमचीही कोरी निघाली. ती दिवाळीनंतर रंगवणार. आईने स्वतः चार वेळा दार लावून उघडून पाहिलं. सुताराला तूर्त नको म्हणून कळवलंय.